बास्केटबॉल खेळून पोट भरतं का?



पोरगी खेळात बरी निघाली की शाळेतले सर घरी येतात, कौतुक करतात, चहा घेतात आणि जातात. ते गेल्यावर घरात जे बोलणं होतं ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ‘खेळून पुढं काय?’ सासू विचारते, दीर विचारतो, कधी आपणही विचारतो. प्रश्न चुकीचा नाही. मुलाच्या बाबतीत तो दोन-चार वर्षं उशिरा विचारला जातो, एवढंच.

आज हा प्रश्न आम्ही एकाच खेळाच्या अंगानं सोडवून बघणार आहोत. खेळ आहे बास्केटबॉल. आपल्या जुन्नर-आंबेगावात कबड्डी आणि खो-खो घराघरात माहीत आहे. बास्केटबॉलचं मैदान मात्र मोठ्या शाळेत नाहीतर कॉलेजात बघायला मिळतं. मग हाच खेळ का घेतला? कारण या खेळात बाई देशाची कप्तान झाली तरी तिचा महिन्याचा पगार खेळातून येत नाही. तो कुठून येतो, हे कळलं की बाकीच्या बहुतेक खेळांचंही गणित कळतं.

आधी खेळ समजून घेऊ. मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. दोन्ही टोकांना जमिनीपासून १० फुटांवर लोखंडी कडं, त्याला जाळी. एका बाजूला पाच जणी खेळतात, संघात बारा जणी असतात. चेंडू हातानं जमिनीवर आपटत पुढं न्यायचा आणि कड्यातून खाली पाडायचा. जवळून टाकला तर दोन गुण, लांबच्या कमानीबाहेरून टाकला तर तीन. हातात चेंडू आला की २४ सेकंदांत टाकायचाच, नुसतं घोळवत बसायचं नाही. दहा-दहा मिनिटांचे चार डाव. पाच चुका झाल्या की ती खेळाडू बाहेर. धक्काबुक्की चालत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं. कड्याखाली उभं राहून बघा, मग कळेल.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ नावाच्या शिक्षकानं काढला. लगेच पुढच्याच एक-दोन वर्षांत तिथल्या मुलींच्या कॉलेजात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं तो मुलींना शिकवायला घेतला. पण त्या काळची समजूत अशी, की बाईच्या जातीला एवढं पळणं झेपायचं नाही. म्हणून बेरेन्सनबाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले आणि नियम केला, की मुलीनं आपला भाग सोडून जायचं नाही. म्हणजे घरातल्यासारखंच, उंबऱ्याच्या आत. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९३६ साली आला, बायकांचा आला १९७६ साली. चाळीस वर्षांचं अंतर. आज नियम एकच आहेत, कडं त्याच उंचीवर आहे, फक्त बायकांचा चेंडू थोडा लहान असतो.

आता पैशाकडे येऊ.

व्यावसायिक खेळाडू म्हणजे जिचं खेळणं हाच तिचा रोजगार. संघ तिच्याशी करार करतो, हंगामाचे पैसे ठरतात, ती खेळते. बास्केटबॉलमध्ये बायकांची सगळ्यात नावाजलेली अशी लीग अमेरिकेत आहे, डब्ल्यूएनबीए. तिचे सामने १९९७ साली सुरू झाले. आपल्याला वाटेल, तिथं काय, पैशाचा पाऊस असेल. पुरुषांच्या लीगमध्ये तो आहे. बायकांना मात्र कितीतरी वर्षं इतकं कमी मिळत होतं, की हंगाम संपला की चांगल्या चांगल्या खेळाडू रशियाला, तुर्कस्तानला, चीनला जाऊन तिथल्या संघांकडून खेळायच्या. दिवाळीच्या सुमारास आपल्या विघ्नहर आणि भीमाशंकर कारखान्यांवर कोयत्याच्या टोळ्या येतात ना, तसंच हे. हातात कसब आहे, पण गावात वर्षभर पुरेल एवढी मजुरी नाही, म्हणून हंगाम बघून दुसरीकडे जायचं. रक्कम फार वेगळी, पण कारण तेच.

ब्रिटनी ग्राइनर ही त्यांच्यातली फार मोठी खेळाडू, ऑलिंपिकची सुवर्णपदकं मिळवलेली. ती दर हिवाळ्यात रशियातल्या एका संघाकडून खेळायची, कारण तिथं तिला घरच्या लीगच्या कितीतरी पट पैसे मिळत. फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या तेलाच्या नळ्या सापडल्या. नऊ वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबरमध्ये दोन्ही देशांनी कैद्यांची अदलाबदल केली तेव्हा ती सुटली. तिची चूक होती की नव्हती, हा वाद राहू द्या. अमेरिकेत त्या वेळी बायका विचारत होत्या तो प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो: देशाची एवढी मोठी खेळाडू पैशासाठी तिथं जातेच का?

आता आपल्या देशात या. क्रिकेटमध्ये २०२३ पासून बायकांची लीग सुरू झाली आणि सांगलीच्या स्मृती मानधनाला पहिल्याच लिलावात ३ कोटी ४० लाख रुपये मिळाले. ते बघून सगळ्यांना वाटतं की आता सगळ्याच खेळांत मुलींचे दिवस आले. तसं नाही. कबड्डी तर आपल्या मातीतली, पुरुषांची लीग टीव्हीवर जोरात चालते. बायकांसाठी २०१६ साली तीन संघांची एक स्पर्धा त्या लीगबरोबर घेतली आणि पुढं ती चालू राहिली नाही. बास्केटबॉलमध्ये लीग काढायचे प्रयत्न मधूनमधून होतात, पण पुरुषांसाठीच जास्त. बाईनं वर्षभर करारावर खेळावं आणि त्यावर घर चालवावं, अशी बायकांची बास्केटबॉल लीग आपल्याकडे रुजलेली नाही.

आपल्या पुण्याची शिरीन लिमये हिचं नाव इथं घ्यायला हवं. १९९५ चा जन्म. २०१७ साली बेंगळुरूला आशिया चषकाच्या ‘ब’ गटाची स्पर्धा झाली. त्यात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं. फक्त दोन गुणांनी! शिरीन त्या संघात होती. त्या विजयामुळे भारत वरच्या ‘अ’ गटात गेला, जिथं चीन, जपान, ऑस्ट्रेलिया असतात. २०२१ साली जॉर्डनमध्ये आशिया चषक झाला तेव्हा शिरीन भारताची कप्तान होती. म्हणजे आपल्यापासून साठ-सत्तर किलोमीटरवर वाढलेली मुलगी देशाचा संघ घेऊन मैदानात उतरली.

त्या स्पर्धेत पहिला सामना जपानशी होता. आपण हरलो, १३६-४६. नव्वद गुणांनी.

हा आकडा आम्ही मुद्दाम सांगतोय. हार झाकून मोठेपणा सांगायचा हा काही आमचा कार्यक्रम नाही, आणि या हारेत शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आपल्याकडे लगेच म्हणतात, आपल्या पोरींना उंची नाही. तर ऐका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या बायकांनी रौप्यपदक मिळवलं होतं, आणि तो संघ तिथल्या बुटक्या संघांपैकी एक होता. त्यांची रुई माचिदा नावाची खेळाडू १६२ सेंटीमीटर उंच, म्हणजे ५ फूट ४ इंच. आपल्या गटात या उंचीच्या बायका सहज सापडतील. तिनं उपांत्य सामन्यात फ्रान्सविरुद्ध १८ वेळा असा चेंडू दिला की समोरच्या मैत्रिणीनं थेट गुण केला. ऑलिंपिकमधला तो विक्रम ठरला. आडवी धाव, लांबून नेम आणि न बघता दिलेला चेंडू, यावर त्या संघानं उंच-उंच देशांना हरवलं.

मग फरक कशात आहे? जपानमध्ये मोठ्या कंपन्यांचे महिला संघ आहेत. माचिदाही तिथल्या एका कंपनीच्याच संघाची. आपल्याकडेही खेळाडू रेल्वेत नाहीतर सरकारी खात्यात असतात. इथपर्यंत सारखंच. पण जपानच्या कंपन्यांचे संघ आपसात महिनोन्‌महिने चालणारी लीग खेळतात. आपल्या मुलींना मोठे सामने मिळतात ते राष्ट्रीय स्पर्धा, शिबिर आणि अधूनमधून परदेश दौरा, एवढेच. विहीर खोदून ठेवली आणि मोटर वर्षातून दोनदाच चालवली, तर शेत कसं भिजणार? शिरीन आणि तिच्या जोडीदारणी २०२३ साली चीनमध्ये झालेल्या आशियाई खेळांत इंडोनेशिया आणि मंगोलियाला हरवून शेवटच्या आठ संघांत पोचल्या. एवढ्या थोड्या सामन्यांवर हेही कमी नाही, असं आमचं मत.

आता मूळ प्रश्न. पोट कशावर भरतं? नोकरीवर. भारतात बास्केटबॉल खेळणारी बाई खेळून नोकरी मिळवते, आणि ती नोकरी तिला खेळू देते.

गीतू अ‍ॅना जोस ही केरळची. दक्षिण रेल्वेत नोकरीला. २००६ च्या सुमारास तिला ऑस्ट्रेलियातल्या रिंगवूड हॉक्स या क्लबनं बोलावलं, तिथं ती हंगाम खेळून आली. २०११ साली अमेरिकेच्या त्या मोठ्या लीगमधल्या संघांनी तिची चाचणी घेतली. निवड झाली नाही. ती परत आली तेव्हा रेल्वेची नोकरी होतीच. आम्हाला या गोष्टीत हेच मोठं वाटतं, की परत यायला जागा होती म्हणून एवढी लांब उडी मारता आली. २०१४ चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला.

चेन्नईची अनिता पॉलदुराई हीसुद्धा दक्षिण रेल्वेचीच. कोवळ्या वयात भारताची कप्तान झाली. पुढं लग्न झालं, मुलगा झाला, आणि ती परत मैदानात आली. वर आम्ही कझाकस्तानला दोन गुणांनी हरवल्याचं सांगितलं ना, त्या संघाची कप्तान हीच अनिता. लेकुरवाळी. २०२१ साली तिला पद्मश्री जाहीर झाली. बाळंतपणानंतर शरीर पूर्वीसारखं होत नाही असं म्हणणाऱ्यांना हे नाव सांगा. पण हेही सांगा, की तिला पगारी नोकरी होती, त्यामुळे परत येईपर्यंत घर थांबू शकलं.

महाराष्ट्रातही हाच रस्ता आहे. धाराशिव जिल्ह्याची सारिका काळे खो-खोत भारताची कप्तान झाली, २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि ती शासनाच्या क्रीडा खात्यात अधिकारी म्हणून काम करते. अगदी गरिबीतून आलेली मुलगी आहे.

रेल्वेची खेळाडू भरती कशी असते ते सांगतो. लेखी परीक्षेचा डोंगर इथं नसतो. शंभर गुणांची विभागणी साधारण अशी: मैदानावर चाचणी घेतात तिला ४०, आजवरच्या कामगिरीला ५० आणि शिक्षणाला १०. म्हणजे निम्मे गुण कागदावर असतात, तिनं कुठल्या पातळीवर खेळून कुठला क्रमांक काढला त्याचे. नुसतं ‘आमची पोरगी चांगली खेळते’ याला काही गुण नाहीत. राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळलेली असेल आणि संघ वरच्या क्रमांकात असेल, तर विचार होतो. किमान किती लागतं ते प्रत्येक जाहिरातीत लिहिलेलं असतं. बारावी झालेल्या मुलीची सुरुवात सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबानं १९,९०० मूळ पगारापासून होते, पदवी असेल तर २५,५०० किंवा त्याच्या वर, शिवाय भत्ते. म्हणून कॉलेज सोडायचं नाही. दहा गुण थोडे दिसतात, पण पदवीनं पगाराची पायरीच बदलते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जिच्यासाठी आम्ही आजचा विषय घेतला. या भरतीला वय लागतं १८ ते २५. खेळाडू भरतीत वयाची सवलत नसते. कुठल्याही प्रवर्गाला नसते.

अठरा ते पंचवीस. मैत्रिणींनो, आपल्या घरात या सात वर्षांत मुलीचं काय चाललेलं असतं? स्थळं बघणं. मुलगी सतरा-अठराची झाली की मामा एक स्थळ आणतो, आत्या दुसरं. एकोणीस-वीसला लग्न, एकविसाला पाळणा. आणि खेळाडूच्या आयुष्यात हीच वर्षं अशी असतात की राज्याच्या संघात निवड व्हायची, राष्ट्रीय स्पर्धा खेळायची, कागद जमवायचे आणि नोकरीची जाहिरात आली की अर्ज करायचा. जाहिरात काही दर महिन्याला निघत नाही. एखाद्या वर्षी बास्केटबॉलच्या जागा असतात, एखाद्या वर्षी नसतात. त्यामुळे ‘एक वर्ष थांबून बघू’ असं म्हणून भागत नाही, चार-पाच वर्षं द्यावी लागतात. मुलगी हुशार असूनही हातातून जाते ती बहुतेक इथं, मैदानात नाही. लग्न करूच नका असं आम्ही म्हणत नाही. तिनं बारा वर्षं घाम गाळलाय, तर तेविसाव्या वर्षी तिला मागं ओढताना आपण काय सोडतोय ते आकड्यात तरी मांडून बघा. आणि स्थळ बघताना ‘ती पंचविशीपर्यंत खेळणार’ हे पहिल्या बैठकीतच बोला, हळदीच्या दिवशी नाही.

दुसरी जी गळती आहे ती शरीराची, आणि तिच्याबद्दल घरात कुणी बोलत नाही म्हणून आपण बोलू.

महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. अशी मुलगी मैदानात दुसऱ्या डावात धापा टाकते आणि सर म्हणतात, हिच्यात दम नाही. दम नाही असं नसतं, रक्त नसतं. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती तिनं खाल्ली का हे विचारा. चहाबरोबर नको, जेवणानंतर पाण्याबरोबर घेऊ दे. लिंबू पिळलेलं काही खाल्लं तर आणखी चांगलं. खेळणाऱ्या मुलीला घरातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त भूक लागते, ते तिला लाजल्यासारखं वाटू देऊ नका. भाकरी, डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडं, दूध. परदेशी डब्यातली पावडर लागत नाही. सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं खायची जी आपली सवय आहे, ती मात्र तिला लागू नये.

पाळीचं एक सांगायचंय. जोरात सराव करणाऱ्या मुलीची पाळी तीन-तीन महिने आली नाही, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ असं कुणी म्हणू नये. शरीर जेवढं जाळतंय तेवढं तिला खायला मिळत नाही, याची ती खूण असू शकते. असं फार दिवस चाललं तर हाडं ठिसूळ होतात. तिला सरकारी दवाखान्यात दाखवा, आशाताईंना विचारा. आणि पाळी चालू असताना खेळायला काही हरकत नाही, तिला बरं वाटत असेल तर. शिवल्याचा चेंडूला काही विटाळ होत नाही.

गुडघ्याचंही तसंच. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळले की आतला अस्थिबंध तुटतो. मुलींमध्ये हे मुलांपेक्षा जास्त होतं. ऑपरेशन झालं तर परत खेळायला नऊ महिने ते वर्ष जातं, आणि पंचविशीचं घड्याळ तर चालूच असतं. उतरताना गुडघे वाकवायचे, पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचे, दोन्ही पायांवर भार घ्यायचा, एवढा सराव रोज दहा-पंधरा मिनिटं केला तरी धोका कमी होतो. तुमच्या मुलीचे सर हे शिकवतात का, विचारायला लाजू नका. आणि कपड्यांत दोनच गोष्टींवर पैसे घाला: घोटा धरून ठेवणारे, तळ न घसरणारे बूट आणि छाती नीट आवळून धरणारी खेळाची ब्रा. दुसरी गोष्ट मुलगी कधीच तोंडानं मागत नाही. ती आईनंच आणायची असते.

डोक्यावर रुमाल किंवा हिजाब घेणाऱ्या घरातल्या मैत्रिणीही आमचा कार्यक्रम ऐकतात, त्यांच्यासाठी एक माहिती. पूर्वी आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये डोकं झाकायला मनाई होती. २०१४ च्या आशियाई खेळांत कतारच्या मुलींनी हिजाब काढायला नकार दिला आणि सामना सोडून दिला. २०१७ साली तो नियम बदलला. आता डोकं झाकून खेळता येतं.

आता आपल्या दोन तालुक्यांची खास अडचण: बिबट्या. हसू नका, क्रीडा खात्याच्या कुठल्या पुस्तकात हे सापडणार नाही. शाळा सुटते पाचला, सराव साडेपाच ते सात. थंडीत सहालाच अंधार पडतो, वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि ऊस म्हणजे बिबट्याचं घरच. माणिकडोहच्या केंद्रात किती बिबटे आणून ठेवलेत ते आपण सगळे जाणतो. वस्तीवर राहणाऱ्या मुलीच्या आईनं ‘सराव नको’ म्हटलं तर तिला मागासलेली म्हणायचं काही कारण नाही. तिला वेळ बदलून मागता येईल. ऊन पडल्यावर सकाळचा तास, नाहीतर शाळा सुटल्यावर लगेच पाऊण तास आणि रविवारी मोठा सराव. चार-पाच घरच्या मुलींनी एकत्र यायचं, एका मोठ्या माणसानं बरोबर असायचं, हातात बॅटरी आणि मोबाइलवर मोठ्यानं गाणी. हे एकटी आई सांगायला गेली तर शाळा ऐकत नाही. गटाच्या दहा बायका शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला गेल्या की ऐकते.

कागदांचं थोडक्यात. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा होतात, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जायचं असतं. बास्केटबॉलचे संघ कबड्डीपेक्षा कमी असतात, त्यामुळे वरपर्यंतची चढण थोडी कमी उभी असते, हा आपल्या मुलींचा फायदाच. मिळालेल्या कामगिरीवर दहावी-बारावीला पातळीप्रमाणे जास्तीत जास्त २५ क्रीडागुण मिळतात, पण अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्र क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं. मध्यंतरी बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाली, तेव्हापासून बारकाईनं बघतात. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला, तिन्हींवर नाव आणि तारीख अक्षर न अक्षर एकच हवी. आत्ताच काढून बघा. सातवीत दुरुस्त करणं सोपं, बाविसाव्या वर्षी अर्जाची तारीख तोंडावर असताना फार अवघड. प्रमाणपत्र कुणी ‘नोकरी लावतो’ म्हणून मागितलं तर मूळ प्रत देऊ नका, पैसे तर नाहीच.

शेवटी मैदानाचं. एवढं मोठं मैदान गावात कुठून आणायचं, असं वाटेल. पण आता तीन-तीन जणींचा बास्केटबॉल आलाय, टोकियोपासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. एकच कडं, अर्धं मैदान, १५ मीटर रुंद आणि ११ मीटर लांब. संघात तिघी आणि एक राखीव. दहा मिनिटांचा सामना, नाहीतर जो आधी २१ गुण करील तो जिंकला. कांद्याच्या खळ्याएवढ्या सपाट जागेत हे बसतं. कड्याचा आतला व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट. मंचर-नारायणगावच्या वेल्डिंगच्या दुकानात पाइप, फळी आणि कडं बनवून मिळेल. खांब जमिनीत नीट काँक्रीटमध्ये गाडायचा आणि मैदानाच्या कडेबाहेर घ्यायचा, म्हणजे पळताना कुणी आपटणार नाही. लहान मुलींसाठी कडं साडेआठ फुटांवर लावलं तरी चालतं, मोठ्यांसाठी दहाच. चेंडू घ्यायला गेलात की दुकानदाराला सांगा, सहा नंबरचा, रबरी, बाहेरच्या मैदानाचा. नुसतं बास्केटबॉल म्हटलं तर तो पोरांचा सात नंबरचा काढून देतो.